कोणती व्हीएम क्लाउडवर वाचते? कोकणातून घेतलेला आढावा

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ बुडवली. एसटीच्या चिपळूण आगाराचे व्यवस्थापक त्या दिवशी सुमारे नऊ लाखांची रोकड सांभाळत तासन्‌तास बसच्या टपावर बसून होते, ही बातमी तेव्हा राज्यभर गाजली. रोकड टपावर नेता आली. तळमजल्यावरच्या दुकानांत, दवाखान्यांत, पतसंस्थांत टेबलाखाली ठेवलेल्या सर्व्हरमधले हिशेब असे उचलून नेता येत नाहीत. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० ला, निसर्ग चक्रीवादळाने मंडणगड-दापोली भागातली वीज आणि फोन कित्येक दिवस बंद पाडले होते. २००५ च्या जुलैतही चिपळूण पाण्याखाली गेले होते. त्यामुळे डेटाची एक प्रत गावाबाहेर हवी, हे रत्नागिरी जिल्ह्यात कोणाला पटवून द्यावे लागत नाही.

गावाबाहेर म्हणजे आता बहुतेकांसाठी क्लाउड. तिथे बॅकअप ठेवून देणाऱ्या सेवा अनेक आहेत आणि प्रत्येकीच्या माहितीपत्रकावर ‘तुमच्या सर्व व्हर्च्युअल मशीन सुरक्षित’ अशा अर्थाचे एक वाक्य असते. त्याच सेवेची तांत्रिक यादी उघडली की त्या ‘सर्व’ला अटींचे शेपूट लागते. कोणती व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) या सेवांच्या आवाक्यात येते, कोणती सुटते, जाणकारांत मतभेद कशावरून आहेत आणि कोणते प्रश्न अजून लोंबकळत आहेत, त्याचा हा आढावा.

एका सर्व्हरवर चार संगणक

एकाच यंत्रावर अनेक स्वतंत्र संगणकांचा आभास निर्माण करण्याची कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ मध्ये ‘व्हीएम/३७०’ ही प्रणाली मोठ्या मेनफ्रेम यंत्रांसाठी आणली. साध्या सर्व्हरवर हे तंत्र रुळवले १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने. तिची ‘ईएसएक्स’ प्रणाली २००१ ची. पुढे लिनक्सच्या गाभ्यातच ‘केव्हीएम’ आले (२००७), आणि मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये ‘हायपर-व्ही’ दिले. या प्रणालींना हायपरव्हायझर म्हणतात.

छोट्या संस्थांकडे हे तंत्र पोहोचले ते काटकसरीच्या वाटेने. विंडोज सर्व्हरच्या स्टँडर्ड परवान्यात दोन व्हीएम चालवण्याची मुभा असते, म्हणून एकच बरा सर्व्हर घ्यायचा, त्यावर एका व्हीएममध्ये टॅली, दुसरीत एसक्यूएल सर्व्हरवर चालणारे सॉफ्टवेअर, आणि जमल्यास लिनक्सची आणखी एखादी, अशी मांडणी सर्रास दिसते. व्हीएम म्हणजे शेवटी डिस्कवरच्या काही मोठ्या फायली, हा या मांडणीचा मोठा फायदा. अख्खा संगणक फाइलसारखा उचलता येतो, आणि बॅकअपचे सगळे शास्त्र या एका सोयीवर उभे आहे.

या शास्त्रात पुण्याचा वाटा मोठा आहे. व्हेरिटास कंपनीच्या ‘नेटबॅकअप’वर काम करणारे मोठे केंद्र पुण्यात होते. २००८ मध्ये तिथूनच बाहेर पडलेल्या अभियंत्यांनी पुण्यात ‘द्रुवा’ ही कंपनी काढली. लॅपटॉपच्या बॅकअपपासून सुरुवात करून ती पुढे सर्व्हर आणि व्हीएमच्या क्लाउड बॅकअपकडे वळली. त्यामुळे रत्नागिरीतल्या एखाद्या व्हीएमचा बॅकअप ज्या आज्ञावलीने घेतला जातो ती शे-दोनशे कोसांवर लिहिली गेलेली असणे अगदी शक्य आहे.

स्नॅपशॉट घेता येतो तोवर

बहुतेक सेवा चालू व्हीएमचा बॅकअप एकाच रीतीने घेतात. हायपरव्हायझरला सांगून डिस्कचा स्नॅपशॉट घ्यायचा, म्हणजे त्या क्षणाची स्थिती गोठवायची, मग ती सावकाश वाचून क्लाउडकडे पाठवायची आणि शेवटी स्नॅपशॉट काढून टाकायचा. रोज अख्खी डिस्क पाठवणे परवडत नाही, म्हणून पहिल्या दिवशी पूर्ण प्रत आणि नंतर फक्त बदललेले तुकडे जातात. खातेवहीतल्या ज्या पानांवर नवी नोंद झाली तेवढ्याच पानांची झेरॉक्स काढावी तसे. कोणते तुकडे बदलले हे हायपरव्हायझरच सांगतो. व्हीएमवेअरमध्ये ही सोय २००९ पासून आहे, हायपर-व्हीमध्ये विंडोज सर्व्हर २०१६ पासून.

म्हणून ‘कोणती व्हीएम चालते?’ या प्रश्नाचे पहिले उत्तर असे: जिचा स्नॅपशॉट घेता येतो आणि जिच्या हायपरव्हायझरने बाहेरच्या सेवेसाठी दार उघडे ठेवले आहे ती.

या व्याख्येतून काय काय गळते ते पाहण्यासारखे आहे. व्हीएमवेअरमध्ये ‘इंडिपेंडंट’ असा शिक्का मारलेली डिस्क स्नॅपशॉटमध्ये येतच नाही. साठवण यंत्राचा तुकडा जसाच्या तसा व्हीएमला जोडला असेल, म्हणजे फिजिकल पद्धतीचे रॉ डिव्हाइस मॅपिंग असेल, तर तोही सुटतो. दोन सर्व्हरच्या क्लस्टरसाठी सामायिक जोडणी केलेल्या डिस्क, हायपर-व्हीतल्या ‘पास-थ्रू’ डिस्क, आणि व्हीएमच्या आतून नेटवर्कवरून जोडलेल्या आयस्कझी डिस्क यांची गत तीच. पीसीआय कार्ड थेट व्हीएमला दिले असेल तर नेहमीचा स्नॅपशॉटच अडतो. लोट्याच्या किंवा मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रनियंत्रणाचे सॉफ्टवेअर व्हीएमवर चालवणाऱ्याला हा मुद्दा लागू पडू शकतो. परवान्याचा यूएसबी डोंगल हा त्याचाच धाकटा भाऊ: व्हीएमचा बॅकअप सुरळीत होतो, क्लाउडमध्ये ती चालूही होते, पण डोंगल मात्र इथल्या सर्व्हरच्या पाठीमागेच राहिलेला असतो.

सर्वात जास्त लोक अडतात ते मात्र फुकट आवृत्तीपाशी. व्हीएमवेअरचा ‘ईएसएक्सआय’ मोफत मिळत असे, पण त्या परवान्यात बॅकअप सेवांना लागणारे दार बंद असते. व्हीएम उत्तम चालते, आणि तरीही कोणतीही मान्यवर सेवा तिला बाहेरून हात लावू शकत नाही. बरेच जण हे बॅकअप बसवायच्या दिवशी शिकतात.

दार उघडे असले तरी मिळणाऱ्या माहितीवर किती विसंबायचे, हाही प्रश्न आहे. २०१४ मध्ये व्हीएमवेअरच्या बदल-नोंदीतच दोष सापडला: आभासी डिस्क वाढवताना १२८ जीबीची किंवा तिच्या दुपटी-दुपटीची मर्यादा ओलांडली की बदललेल्या तुकड्यांची यादी चुकू शकत होती. बॅकअप ‘यशस्वी’ दाखवला जाई आणि आतली प्रत सदोष असू शके. दोष दुरुस्त झाला. तरी अधूनमधून पूर्ण प्रत घ्यावी, असा आग्रह धरणाऱ्यांना त्या प्रकरणाने कायमचा आधार दिला.

क्लाउडमधल्याच व्हीएमचे काय?

सर्व्हर आधीच क्लाउडमध्ये नेला असेल तर बॅकअपची चिंता उरली नाही, असा समज बराच पसरलेला आहे. मोठ्या क्लाउड कंपन्यांच्या करारात जबाबदारी वाटून दिलेली असते: यंत्रे आणि जागा त्यांची, आतला डेटा ग्राहकाचा. बॅकअप वेगळा चालू करावा लागतो आणि त्याचे पैसेही वेगळे.

इथेही आवाक्याच्या सीमा आहेत. ॲमेझॉनच्या ईसी२ व्हीएमना कधी कधी यजमान यंत्रातलीच वेगवान तात्पुरती डिस्क मिळते. ती बॅकअपमध्ये येत नाही आणि व्हीएम थांबवली की तिच्यावरचा डेटाही जातो. मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडवरच्या विंडोज व्हीएममध्ये बहुधा ‘डी’ नावाने दिसणारी तात्पुरती डिस्कही तशीच. साध्या धोरणात अझूर दिवसातून एकदाच प्रत घेते. चार-चार तासांनी हवी तर वरचे धोरण निवडावे लागते. आपल्या जागेतले सर्व्हर जोडायचे तर आणखी फाटे फुटतात. अझूरचा साधा एजंट, म्हणजे यंत्राच्या आत बसवायची बॅकअपची आज्ञावली, विंडोजपुरताच आहे. जागेवरच्या व्हीएमवेअर आणि हायपर-व्हीसाठी मध्ये त्यांचा वेगळा बॅकअप सर्व्हर बसवावा लागतो. ॲमेझॉनची ‘एडब्ल्यूएस बॅकअप’ ही सेवा २०१९ मध्ये आली, आणि ग्राहकाच्या जागेतल्या व्हीएम घेण्याची सोय तिने २०२१ च्या नोव्हेंबरात सुरू केली, तीही व्हीएमवेअरपासून.

प्रत कुठे ठेवायची, याला मात्र महाराष्ट्रात आता चांगले पर्याय आहेत. अझूरचे एक केंद्र पुण्यात २०१५ पासून आहे आणि त्याची जोडी चेन्नईशी आहे. ॲमेझॉनने मुंबईत २०१६ ला आणि हैदराबादेत २०२२ ला केंद्रे उघडली. कोकणातल्या अतिवृष्टीचा फटका चेन्नईला किंवा हैदराबादला त्याच दिवशी बसण्याचा संभव कमीच. केंद्र एकच ठेवले तर काय होते ते १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गला दिसले. ओव्हीएचक्लाउडची एक इमारत जळाली, आणि ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यांचे दोन्ही गेले.

बाहेरून, आतून, की नुसता डेटा

व्हीएमचा बॅकअप कसा घ्यावा यावर जाणकारांत सरळ तीन बाजू आहेत.

पहिली बाजू हायपरव्हायझरकडून, बाहेरून घेणाऱ्यांची. व्हीएमच्या आत काही बसवावे लागत नाही, नवी व्हीएम केली की ती आपोआप यादीत येते, आणि अख्खी व्हीएम थेट उभी करता येते. विंडोज २००३ सारख्या जुन्या प्रणालीवर अडकलेले सॉफ्टवेअर असेल तर बहुधा हाच मार्ग उरतो, कारण नवे एजंट तिथे बसतच नाहीत. आक्षेप असा की अशी प्रत वीज अचानक गेल्यावर डिस्क जशी राहील तशी असू शकते. विंडोजमध्ये ‘व्हीएसएस’ ही सोय डेटाबेसला क्षणभर थांबवून लिखाण पूर्ण करून घेते. लिनक्समध्ये ते काम आधीच्या-नंतरच्या छोट्या स्क्रिप्ट लिहून करावे लागते, आणि त्या लिहिणारा माणूस प्रत्येक संस्थेत नसतो.

दुसरी बाजू प्रत्येक व्हीएमच्या आत एजंट बसवणाऱ्यांची. एजंटला हायपरव्हायझर कोणता आहे याच्याशी कर्तव्य नसते. मोफत ईएसएक्सआय, पास-थ्रू डिस्क, आयस्कझी, कुठल्याशा परक्या क्लाउडमधली व्हीएम, सगळे त्याच्या आवाक्यात येते. डेटाबेसचे व्यवहार-लॉग तो दर काही मिनिटांनी उचलू शकतो. किंमत अशी की प्रत्येक व्हीएममध्ये तो बसवावा, अद्ययावत ठेवावा आणि त्याचा भार सोसावा लागतो. शिवाय एखाद्या व्हीएममध्ये तो बसवायचा राहून गेला तर ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

तिसरी बाजू म्हणते, व्हीएम वाचवायच्या कशाला? सर्व्हर पुन्हा उभारण्याची कृती लिहून ठेवा, बॅकअप फक्त डेटाचा घ्या. नव्या पद्धतीने बांधलेल्या प्रणालींना हे लागू पडते आणि साठवणही कमी लागते. ज्या पतसंस्थेचे सॉफ्टवेअर विक्रेत्याच्या माणसाने प्रत्यक्ष येऊन बसवून दिले आणि तो विक्रेता आता फोन उचलत नाही, तिला ही कृती लिहून देणार कोण? माझ्या मते छोट्या संस्थांसाठी आज तरी पहिली बाजू मूळ धरावी, जिथे डेटाबेस आहे तिथे दुसरीची जोड द्यावी, आणि तिसरी नवे सॉफ्टवेअर घेताना करारात आणावी. हे मत सर्वमान्य आहे असे नाही. दोन्ही पद्धती चालवल्या की परवान्याचा खर्चही दोनदा, हा त्यावरचा आक्षेप रास्तच आहे.

हल्लेखोर बॅकअपपासून सुरुवात करतात

पूर आणि वादळ यांपेक्षा वेगळा धोका रॅन्समवेअरचा. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या सर्व्हरवर ‘सायनॅक’ रॅन्समवेअरचा हल्ला झाला. महामंडळाने तेव्हा सांगितल्याप्रमाणे त्याच्या काही प्रणाली ईएसडीएस या नाशिकच्या कंपनीच्या क्लाउडवर होत्या आणि काही स्वतःच्या सर्व्हरवर. बॅकअप फायली नेटवर्कच्या वेगळ्या भागात ठेवलेल्या असल्याने त्यांना लागण झाली नाही. प्रादेशिक कार्यालयांपर्यंत कामकाज तरी खोळंबलेच. बॅकअप वाचणे आणि काम चालू राहणे यांतले अंतर या प्रकरणात स्पष्ट दिसते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘ईएसएक्सआयआर्ग्ज’ नावाच्या मोहिमेने जगभरचे हजारो ईएसएक्सआय सर्व्हर गाठले. दोन वर्षे आधी दुरुस्ती निघालेल्या एका त्रुटीतून शिरून तिने व्हीएमच्या फायलीच कुलूपबंद केल्या. हायपरव्हायझर पडला की त्यावरच्या सगळ्या व्हीएम एकदम पडतात, आणि त्याच सर्व्हरवर बॅकअपचे सॉफ्टवेअर दुसऱ्या व्हीएममध्ये चालत असेल तर तेही. म्हणून ठरावीक मुदतीपर्यंत खुद्द प्रशासकालाही पुसता न येणारी प्रत ठेवावी, यावर आज जवळपास एकमत आहे. क्लाउड बॅकअपची बाजू इथे सर्वात भक्कम आहे, कारण कपाटातल्या डिस्कला अशी मुदत लावणे अवघड.

क्लाउड स्वतःच चुकला तर? मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचे गूगलवरचा सबंध खासगी क्लाउड एका चुकीच्या मांडणीमुळे पुसला गेला. दोन ठिकाणी ठेवलेल्या प्रती एकाच खात्यातल्या होत्या, त्या दोन्ही गेल्या. निधी सावरला तो दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेल्या बॅकअपच्या मदतीने. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक बाहेरगावी, हा छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम आता ‘आणि एक वेगळ्या मालकाकडे’ असा वाढवावा, असे म्हणणारे आहेत. छोट्या संस्थेला तो खर्च झेपणार नाही, असेही म्हणणारे आहेत.

घाटाखालचे गणित

पुण्या-मुंबईत लिहिलेले सल्ले इंटरनेटची रेषा गृहीत धरतात. रत्नागिरीत ती मोजावी लागते. एक टीबीची व्हीएम ५० एमबीपीएसच्या रेषेवरून वर चढवायला, रेषा पूर्णवेळ मोकळी मिळाली तरी, सुमारे ४४ तास लागतात. २० एमबीपीएसवर साडेचार दिवसांच्या वर. पहिली प्रत डिस्कवर घालून पाठवण्याची सोय काही सेवा देतात, ती इथे उपयोगी. रोजचे बदल मात्र आटोक्यात असतात: २० जीबी बदल ५० एमबीपीएसवर तासाभरात जातात.

खरी कसोटी परतीच्या वाटेवर लागते. सर्व्हर पाण्यात गेला, वीज नाही, महामार्गाच्या खोदकामात किंवा दरडीखाली केबल तुटलेली. अशा दिवशी एक टीबी खाली आणणे हा पर्यायच नसतो. त्यावर उत्तर म्हणजे व्हीएम क्लाउडमध्येच चालू करायची आणि दुसऱ्या गावातून, मोबाइलवरून का होईना, तिच्यावर काम करायचे. प्रत्येक सेवेत हे होत नाही. व्हीएमवेअरची डिस्क ॲमेझॉन किंवा अझूरच्या स्वरूपात बदलावी लागते, ड्रायव्हर बदलतात, बूट करण्याची पद्धत जुळावी लागते. म्हणून ‘बॅकअप घेता येतो’ आणि ‘क्लाउडमध्ये उभी करता येते’ या दोन याद्या वेगळ्या असतात, आणि दुसरी नेहमी आखूड. विकत घेताना विचारायची यादी दुसरीच.

स्थानिक प्रत ठेवणाऱ्यांचे म्हणणे याच गणितावर उभे आहे. एरवीची बिघाडी, चुकून पुसलेली फाइल, जळालेली डिस्क, या गोष्टी वरच्या मजल्यावरच्या छोट्या साठवण यंत्रातून तासाभरात दुरुस्त होतात. क्लाउडवाल्यांचे उत्तर असे की वरच्या मजल्यावरचे यंत्र कोणी सांभाळत नाही. दोघेही खरेच बोलतात.

नियमांची चौकट

कंपन्यांसाठी नियम बराच स्पष्ट आहे. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवणे बंधनकारक झाले; आधी तिथे ‘ठरावीक काळाने’ असे होते. नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ ला श्रेणीनिहाय सायबर सुरक्षा चौकट दिली. पतसंस्था राज्याच्या सहकार खात्याखाली येतात, त्यामुळे ती चौकट त्यांना थेट लागू होत नाही. आणि टेबलाखालचे सर्व्हर जास्त करून तिथेच आहेत.

अजून न सुटलेले

ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतली, कायमस्वरूपी परवाने बंद करून वर्गणी आणली, फेब्रुवारी २०२४ मध्ये मोफत ईएसएक्सआय बंद केला आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा सुरू केला. या धरसोडीत अनेक छोट्या संस्था ‘प्रॉक्समॉक्स’ या मुक्तस्रोत प्रणालीकडे वळू लागल्या. बॅकअप सेवा मात्र मागून चालत आल्या: व्हीमसारख्या मोठ्या कंपनीचा प्रॉक्समॉक्ससाठीचा पाठिंबा ऑगस्ट २०२४ मध्ये आला, आणि सर्व क्लाउड सेवांनी तो दिलेला नाही. सर्व्हर आधी बदलायचा की बॅकअप सेवेची वाट पाहायची, यावर एकवाक्यता नाही.

सेवा देणाऱ्यावरच संकट आले तर काय, हा दुसरा प्रश्न. ३१ जुलै २०२४ रोजी, छोट्या बँकांना संगणकीय सेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजवरच्या रॅन्समवेअर हल्ल्यानंतर राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने तिला आपल्या जाळ्यापासून तोडले आणि देशभरच्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे पेमेंट व्यवहार थांबले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. त्या बँकांकडे स्वतःचा बॅकअप असता, तरी त्या एका दिवसात त्याचा काही उपयोग नव्हता.

तिसरा कायद्याचा. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा नागरिकाला आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क देतो. पुसता न येणाऱ्या प्रतीत अडकलेली एका ग्राहकाची नोंद कशी काढायची? काही सेवा म्हणतात, मुदत संपेपर्यंत थांबा आणि प्रत परत आणली तर नोंद तेव्हा पुसा. हे पुरेसे आहे का, ते अजून ठरायचे आहे.

आणि तपासणीचा प्रश्न आहेच. अनेक सेवा आता व्हीएम वेगळ्या बंद जाळ्यात आपोआप चालू करून पाहतात आणि लॉगिनच्या पडद्याचे छायाचित्र ईमेलने पाठवतात. त्या पडद्यामागचा डेटाबेस उघडतो का, कालच्या शेवटच्या पावतीपर्यंतचा हिशेब जुळतो का, हे त्या चित्रात दिसत नाही. ते पाहायला संस्थेचा लेखनिक त्या व्हीएममध्ये शिरून बसावा लागतो, आणि त्याला ते किती महिन्यांनी करायला लावावे, यावर प्रत्येक सल्लागाराचा आकडा वेगळा आहे.